‘सरकार कचरलं’ म्हणताना या चुका टाळा

दहशतवादी हल्ला झाला की कोल्हापुरात बिंदू चौकात निषेध होतो, पुतळा जळतो आणि दोन दिवसांत रंकाळ्यावर प्रश्न सुरू होतो, “अजून कसं काय केलं न्हाई वो ह्यांनी?” प्रश्न रास्त आहे. पण सरकारवरची पुढची टीका बऱ्याचदा भलत्याच जागी लागते आणि खरा गुन्हेगार सुटतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसते दिवस मोजणं. उरीनंतर सर्जिकल स्ट्राइक 11 दिवसांनी झाला, पुलवामानंतर बालाकोट 12 दिवसांनी, पहलगामनंतर ऑपरेशन सिंदूर 15 दिवसांनी. त्या मधल्या काळात ‘शेपूट घातली’ म्हणणारे होतेच. पन्हाळा रोज डोळ्यांसमोर असणाऱ्यांनी तरी असं म्हणू नये. 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात महाराजांनी शरणागतीची बोलणी लावली, पहारे ढिले पडले आणि भर पावसात ते विशाळगडाकडे निसटले. ती बोलणी बाहेरून कशी दिसली असतील? म्हणून आधी विचारा, मधल्या वेळात चाललं काय होतं.

हा प्रश्न लावला की खरी कचखाऊ वागणूक उघडी पडते. 24 डिसेंबर 1999 ला अपहरण झालेलं आयसी-814 विमान अमृतसरला उतरलं आणि पाऊण तासाच्या आसपास आपल्याच धावपट्टीवर उभं राहिलं. दिल्लीत बैठक चालू, पंजाबात पोलीस हुकमाची वाट बघतायत, एनएसजीचे (दहशतवादविरोधी केंद्रीय दलाचे) कमांडो पोहोचलेले नाहीत. विमान उडालं, कंदाहारला गेलं आणि 31 तारखेला तीन दहशतवादी सोडावे लागले. टीका करायची तर त्या पाऊण तासावर करा; शेवटच्या दिवशी सरकारच्या हातात फारसं उरलंच नव्हतं.

उलट 2001 मधल्या संसदेवरच्या हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रमचा, म्हणजे पाकिस्तान सीमेवर सैन्य जमवण्याचा, हुकूम लगेच निघाला होता. फौजा सीमेवर पोहोचायलाच आठवडे गेले, तोवर परदेशी दबाव वाढला आणि 2002 च्या ऑक्टोबरात सैन्य माघारी बोलावण्याचा निर्णय झाला. इथे धाडसाइतकीच रचनाही कमी पडली. पंतप्रधानांना बांगड्या पाठवून रचना सुधारत नाही (आणि बांगड्यांचा अपमान होतो तो वेगळाच).

राजीनाम्यावर समाधान मानणं ही आपल्याकडची खास खोड. 26/11 नंतर केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि उपमुख्यमंत्री, शेजारच्या तासगावचे आर. आर. पाटील पायउतार झाले. पण कमांडो हरियाणातल्या मानेसरहून मुंबईत यायला रात्र गेली, याचं उत्तर राजीनाम्यात नव्हतं. ते 2009 मध्ये मुंबईत एनएसजीचं केंद्र झालं त्यात होतं. ते आधी का झालं नाही, हे विचारणारे थोडेच.

पक्ष बघून आवाज चढवू-उतरवू नका, हे सांगायलाही कंटाळा येतो. कंदाहारवर गप्प आणि 26/11 वर तावातावाने, किंवा 26/11 वर गप्प आणि 2020 च्या गलवानमधल्या चीनशी झालेल्या चकमकीवर आक्रमक, दोन्ही तऱ्हेचे लोक एकाच कट्ट्यावर भेटतात. गलवानमध्ये 20 जवान गेले आणि सरकारने नेमकी माहिती द्यायला टाळाटाळ केली, ही टीका योग्यच होती.

मात्र ‘काय करताय ते दाखवा’ असं कारवाई चालू असताना म्हणू नका. 26/11 ला पाकिस्तानात बसलेले सूत्रधार आपलंच थेट प्रक्षेपण बघून हल्लेखोरांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये वाहिन्यांना त्यावरून झापलं. लष्करी ताफ्याचा व्हिडिओ तालमीच्या ग्रुपवर टाकणाऱ्यांनाही ते लागू आहे. हिशेब मागायचा तो कारवाई संपल्यावर, आणि तेव्हा मात्र सोडायचं नाही.