एनएफएलमधले (अमेरिकन फुटबॉलची लीग) दुर्लक्षित प्लेअर कसे हेरायचे

पुण्यात रविवारी रात्री साडेदहाला (नोव्हेंबरात साडेअकरा होतात, झोपेचं खोबरं) मॅच लावली की आपली नजर आपोआप बॉलमागे जाते, तिथेच गंडतं. स्नॅप झाला (बॉल मागे देऊन डाव सुरू झाला) की पहिले दोन सेकंद बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅककडे बघूच नका, त्याच्या पुढचे पाच आडदांड गडी बघा, ती ऑफेन्सिव्ह लाइन, समोरच्यांना अडवणारी, त्यांच्या नावावर ना यार्ड (बॉल पुढे नेलेलं अंतर) ना टचडाउन (गोलसारखा स्कोअर), म्हणून आकड्यांत सापडत नाहीत. क्लीव्हलँड टीमचा लाइनमन जो थॉमस (Joe Thomas) सलग १०,३६३ स्नॅप खेळला, पण टीम अशी की प्लेऑफ कधी नशिबातच नाही! ड्राफ्टचा (टीम फेरीफेरीने नवे प्लेअर निवडतात तो) नंबरही बघा, उशिरा निवडलेलेही भारी निघतात, याच लाइनमधला नावाजलेला जेसन केल्सी २०११ ला सहाव्या राउंडमध्ये गेलेला. आणि रिप्लेच्या वेळी चहा टाकायला उठू नका राव, ब्लॉक (समोरच्याला अडवणं) तिथेच नीट दिसतो.