सुपरवायझर झालात? सणांच्या रजा लावण्याआधी हे वाचा

रजेच्या रजिस्टरला हात लावण्याआधी एक नियम खोडून टाका: 'ज्याचा अर्ज आधी, त्याची रजा आधी.' सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या ठोक दुकानात माझ्याकडे हजेरी आली तेव्हा हा नियम चालूच होता आणि सगळ्यांना तो चोख वाटायचा. मलाही वाटला, कारण वरवर पाहता त्यात कुणावर अन्याय दिसतच नाही.

जरा सविस्तर सांगते. सिद्धेश्वराची यात्रा संक्रांतीची, म्हणजे तारीख जवळपास ठरलेली. 14 एप्रिल आणि 25 डिसेंबर तर हलतच नाहीत. नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव पंचांगात वर्षभर आधी सापडतो. या रजांचे अर्ज महिनाभर आधी येऊन पडतात. ईदचं तसं नाही. ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि नक्की दिवस चंद्र दिसल्यावर, आदल्या संध्याकाळी कळतो. पॅकिंगमधला मुलगा तेव्हा फोन करतो, तोवर रजिस्टर भरलेलं असतं. 2026 चंच बघा. पाडवा 19 मार्चला, ईद लगेच 20-21 च्या सुमारास. पाडव्याला जोडून गावी जाणारे जानेवारीतच अर्ज देऊन मोकळे. नियम सगळ्यांना एकच, पण दरवर्षी मार खातात तीच माणसं.

म्हणून ईदचे दोन्ही संभाव्य दिवस पेन्सिलीने राखून ठेवा आणि बदली कोण येणार ते आधीच ठरवा. चंद्र दिसला की एका फोनवर काम होतं.

2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात सणांच्या 8 पगारी सुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर ठरलेल्या. उरलेल्या 4 मालक-कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. सोलापुरात चारांत भागत नाही, बाकीचं 8 नैमित्तिक रजांतून बसवावं लागतं. ही बैठक डिसेंबरातच घ्या. व्हॉट्सॲपवर मतदान मात्र अजिबात नको, हा शॉर्टकट मला मुळीच पटत नाही. ज्यांची माणसं जास्त, सुट्टी त्यांच्याच सणाला लागते.

प्रत्येकाला समोर बसवून विचारा, 'त्या दिवशी तुमच्याकडे काय असतं?' आडनावावरून अंदाज बांधू नका. सिद्धेश्वराच्या यात्रेत बाराबंदी (पांढरा अंगरखा) घालून नंदीध्वज, म्हणजे मानाची उंच काठी, पेलणाऱ्याला शहरातल्या 68 लिंगांच्या प्रदक्षिणेचा अख्खा दिवस लागतो, तिथे अदलाबदल चालत नाही. पोरांना गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, पाळण्यात बसवायचं असेल, तर चार वाजता सोडलं तरी माणूस खूश. कोण कुठला मानकरी, हे मला आमच्या जुन्या हमालमामांनी सांगितलं. 'ॲडजस्ट करून घे' म्हणणाऱ्या सिनियरांपेक्षा अशा माणसाला गुरू करा.

पहिल्या वर्षी दोघे-तिघे नाराज होणारच. घाबरू नका. कोण कुणासाठी थांबलं ते त्याच्यासमोर रजिस्टरात लिहा आणि पुढच्या वर्षी पहिला हक्क त्याला द्या. दुसऱ्या वर्षी लोक आपसांतच जुळवून येतात. आणि रमजानमध्ये रोजा सोडायच्या वेळेला टेम्पो भरायला लावू नका. अर्धा तास अलीकडे-पलीकडे केलं तर माल अडत नाही.