सुताचा दिवा करताय? आधी कड्याचं बघा

हायपरबोलॉइड, म्हणजे डमरूसारखी कंबर असलेल्या, दिव्याला लागणारं सामान सोलापुरात शोधत फिरावं लागत नाही. सूत पूर्व भागात नाहीतर अक्कलकोट रोड एमआयडीसीत कोनावर मिळतं, साग वखारीत. वर एक कडं, खाली एक कडं, मधे तिरपे ताणलेले सरळ धागे. कंबर आपोआप दिसते.

माप असं धरा: भोकांच्या वर्तुळाची त्रिज्या १५० मिमी, उंची ४५० मिमी, पीळ (धाग्याचं वरचं टोक खालच्या टोकापासून जितकं फिरलेलं तो कोन) १२०°. कंबरेची त्रिज्या म्हणजे १५० गुणिले निम्म्या पिळाचा कोसाइन, ७५ मिमी. एक धागा ५२० मिमी. प्रत्येक कड्यावर ४८ भोकं, म्हणजे ७.५° वर एक. खालच्या पहिल्या भोकातून निघालेला धागा वर सोळा भोकं पुढे जातो. दोन्ही दिशांना मिळून ५० मीटर, बांधाबांधीसकट ६० धरा. भोकं कर्काटकाने एकापुढे एक मोजत जाऊ नका. दर वेळी ०.२ मिमी चुकलं तरी शेवटी जवळजवळ १० मिमीचा घोटाळा. पूर्ण वर्तुळ कागदावर छापून चिकटवा आणि टोचा.

आता कडं. सीएनसीवाला (संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कापणारा) एका फळीतून पाच मिनिटांत सुरेख गोल कापून देतो. घेऊ नका! फळी रुंदीत आटते, लांबीत जवळजवळ नाही. सागाचा ओलावा १८ टक्क्यांवरून ८ वर आला की रुंदी साधारण २ टक्क्यांनी कमी होते. मे महिन्यातल्या सोलापुरात याला फार वेळ लागत नाही. बाहेरून ३२० मिमी व्यासाचं कडं एका बाजूने ३२०च राहतं, दुसऱ्या बाजूने सुमारे ६ मिमी कमी. त्या दिशेचे धागे अडीचेक मिमी सैल पडतात, बाकीचे ताठ राहतात आणि कंबर एका अंगाला कलते. लोक सुताला दोष देतात, पुन्हा ओवतात, पुन्हा तेच. पावसाळ्यात लाकूड फुगलं की सगळं जरा सुधारल्यासारखं दिसतं, म्हणून तर कारण सापडत नाही. पॉलिशने हे थांबत नाही, फक्त लांबतं.

उपाय जुना आहे: सहा तुकड्यांचं कडं, लाकडाच्या रेषा परिघाच्या दिशेने. बाहेरची त्रिज्या १६०, आतली १४० हवी तर प्रत्येक तुकडा बाहेरून १८५ मिमी लांब, ४० मिमी रुंद, दोन्ही टोकं ३०° ला कापलेली. बारा काप आहेत. प्रत्येकी अर्धा अंश चुकला तर शेवटी ६° ची फट. म्हणून तीन-तीन तुकड्यांची दोन अर्धी कडी आधी चिकटवा, त्यांची टोकं रंध्याने एका रेषेत आणा, मगच जोडा. शिकंजा नसेल तर सायकलची जुनी ट्यूब गच्च गुंडाळा. गोल कापणं सगळ्यात शेवटी. वाचायला जड वाटतं, हाताला एका दुपारचं काम आहे.

लाकूड वाळलं की नाही ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळतं: दर आठवड्याला वजन करा, उतरायचं थांबलं की घ्या. व्हिडिओ बघून शिकण्यापेक्षा दारं-खिडक्या करणाऱ्या म्हाताऱ्या सुताराजवळ चार दिवस बसा. सूत्र विचारू नका; फळी कुठे वाकेल ते विचारा.

तीन उभे खांब कड्यांच्या बाहेरून लावा. सूत २/२०चं (२० नंबरचे दोन धागे एकत्र पिळलेलं), चार पदरी, पांढरं. गडद रंग उजेड खातो. खळ लावलेलं नको, कसर लागते. गरम पाण्यात धुऊन वाळवा, मग एक किलोचं वजन टांगून रात्रभर ताणा. प्रत्येक धाग्याला २०० ग्रॅम ताण दिला तरी ९६ धाग्यांचा मिळून १९ किलो होतो. एक दिशा पूर्ण ताणून दुसरी घेतलीत तर कडंच पिळतं. दोन्ही दिशा आधी सैल ओवा आणि समोरासमोरच्या जोड्यांनी घट्ट करत जा.

विजेचं सोपं आहे. मधोमध २५ मिमी चौकोनी ॲल्युमिनियमचा ४०० मिमी पाइप, चारही बाजूंना १२ व्होल्टची वॉर्म व्हाइट एलईडी पट्टी, एकूण १.६ मीटर. १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर दिव्याबाहेर ठेवा. सुतात साधा बल्ब अजिबात नको. उजेड कमी-जास्त करायला ईएसपी३२ (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) आणि आयआरएलझेड४४एन (पट्टीचा प्रवाह चालू-बंद करणारा मॉस्फेट). दुकानदार 'तेच आहे' म्हणून आयआरएफझेड४४एन देईल, ते ३.३ व्होल्टवर पुरतं उघडत नाही आणि तापतं. मॉस्फेटच्या गेट पायात आणि ग्राउंडमधे १० किलोओहमचा रोधक टाका, नाहीतर चालू करताना दिवा उगाच चमकतो.