लिनक्सवर वायफाय चालेना : तपास कुठून आणि कसा सुरू करावा

पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून काम करताना लिनक्सविषयीची जी तक्रार माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा आली, ती वायफायची होती. विद्यार्थी हौसेने उबुंटू, मिंट किंवा फेडोरा यांसारखे एखादे डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) बसवतो, आवाज, पडदा, कीबोर्ड सगळे नीट चालते, पण वायफायचे चिन्हच कुठे दिसत नाही. मग तो मोबाइलवर शोधाशोध करतो, सापडेल ती कमांड टंकतो, दोन-तीन निरनिराळे ड्रायव्हर एकावर एक बसवतो आणि संध्याकाळी लॅपटॉप घेऊन येतो, तेव्हा मूळ बिघाड कोणता आणि नंतर ओढवलेला कोणता हे वेगळे करण्यातच निम्मा वेळ जातो. सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेशन किंवा टेक्निकल सपोर्टच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. माझे सांगणे एवढेच आहे की बिघाड कोणत्या थरात आहे हे कळेपर्यंत संगणकात काहीही बदलू नये.

थर मोजकेच आहेत. तळाशी प्रत्यक्ष कार्ड आणि त्याचा अँटेना, त्याच्यावर कर्नलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, ड्रायव्हर आणि कार्डात भरायचे फर्मवेअर (कार्डाचा स्वतःचा प्रोग्रॅम), त्याच्यावर जोडणी सांभाळणारे प्रोग्रॅम म्हणजे नेटवर्कमॅनेजर आणि डब्ल्यूपीए सप्लिकंट, आणि सर्वांत वर आयपी पत्ता, गेटवे (नेटवर्कबाहेर जाण्याचा मार्ग) आणि डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा). खालचा थर पक्का झाल्याशिवाय वरच्याकडे पाहण्यात अर्थ नसतो. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या.)

तपासाआधी एक सोय करून घ्यावी. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट लागते आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर लागतो, या पेचात अनेक नवे लोक अडकतात. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केले, की लिनक्सला तो तारेच्या नेटवर्कसारखा दिसतो आणि बहुतेक वेळा काहीही न बसवता इंटरनेट मिळते. फोन स्वतः वायफायवर असेल तर तेच वायफाय केबलमधून लॅपटॉपला मिळते, त्यामुळे मोबाइल डेटाही खर्च होत नाही.

आता कार्डाची ओळख. लॅपटॉपच्या आतल्या कार्डासाठी ‘एलएसपीसीआय -एनएनके’ आणि यूएसबी डाँगलसाठी ‘एलएसयूएसबी’ ही कमांड द्यावी. पहिल्या कमांडच्या उत्तरात नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीच्या शेवटी चौकटी कंसात दोन आकडे असतात. त्यातला पहिला चिप बनवणाऱ्याचा असतो : ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १६८सी म्हणजे अथेरॉस, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. दुसरा आकडा नेमक्या चिपचा असतो. लॅपटॉपच्या खोक्यावर किंवा जाहिरातीत काय छापले आहे याला इथे किंमत नाही, कारण एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डे निघतात. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ आहे का ते पाहावे. ती ओळ असेल तर ड्रायव्हर कार्डाला लागला आहे आणि बिघाड पुढे आहे. नसेल तर बिघाड इथेच आहे. नवशिक्यांना ही एकच ओळ वाचायला शिकवली, तरी त्यांचे अर्धे भटकणे थांबते असा माझा अनुभव आहे.

यापुढची जागा म्हणजे कर्नलच्या नोंदी, आणि इथे घाई अजिबात करू नये. ‘डीमेसेज’ (टंकताना dmesg) किंवा ‘जर्नलसीटीएल -के’ ही कमांड दिली की संगणक सुरू झाल्यापासून कर्नलने जे जे केले ते ओळीने दिसते. इंटेलच्या कार्डाचे उदाहरण घेऊ. त्याच्या ड्रायव्हरचे नाव आयडब्ल्यूएलवायफाय. नोंदींत ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड’ असे शब्द, पुढे फाइलचे नाव आणि शेवटी ‘फेल्ड विथ एरर -२’ असे दिसते. उणे दोन याचा अर्थ एवढाच की त्या नावाची फाइल डिस्कवर सापडली नाही. ती लाल ओळ पाहून विद्यार्थी घाबरतात, परंतु हा ड्रायव्हर फर्मवेअरची सर्वांत नवी आवृत्ती आधी मागतो, ती नसेल तर त्याहून जुनी मागतो, आणि असे करत करत खाली उतरतो. त्यामुळे अशा चार-पाच ओळींनंतर ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ ही ओळ आली असेल तर सगळे ठीक आहे. शेवटी ‘नो सूटेबल फर्मवेअर फाउंड’ असे आले, तरच ते दुखणे खरे. म्हणून नोंदींतली पहिली त्रुटी पाहून थांबू नये, तो प्रसंग शेवटपर्यंत वाचावा.

फर्मवेअर नसण्यामागे तांत्रिक कारणाइतकेच तत्त्वाचेही कारण राहिले आहे. ड्रायव्हर मुक्त असला तरी कार्डात भरायचे फर्मवेअर बहुधा कंपनीचे बंदिस्त असते, आणि डेबियन या डिस्ट्रोने अनेक वर्षे ते आपल्या अधिकृत इन्स्टॉलरच्या बाहेर ठेवले होते. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे धोरण बदलले, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२, म्हणजे ‘बुकवर्म’पासून, असे फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच मिळू लागले. त्यापूर्वीचे मार्गदर्शन वाचून आजच्या डेबियनवर उपाय करू गेलात तर गोंधळ होईल. मुक्त सॉफ्टवेअरची चाड असणाऱ्यांचा त्या बदलाबद्दलचा खेद मला समजतो. तरीही ज्याचे पहिल्याच दिवशी इंटरनेट चालत नाही तो लिनक्स सोडून जातो हेही मी जवळून पाहिले आहे, आणि म्हणून तो निर्णय मला योग्य वाटतो. अथेरॉसची जुनी एटीएच९के ड्रायव्हरवर चालणारी पीसीआय कार्डे याला सुखद अपवाद आहेत : ड्रायव्हर २००८ पासून खुला आणि फर्मवेअरची गरजच नाही.

कार्ड अगदी नवे आणि कर्नल जुना, हीही नेहमीची जोडी. इंटेलच्या एएक्स२१० कार्डाला ५.१० किंवा त्यानंतरचा कर्नल लागतो. त्याआधीच्या कर्नलवर कितीही फर्मवेअर भरले तरी ते जागे होणार नाही. अशा वेळी एखाद्या डिस्ट्रोची ताजी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेऊन लॅपटॉप त्यावरून लाइव्ह सुरू करावा. तिथे वायफाय चालले तर हार्डवेअर शाबूत आहे आणि कर्नल बदलायचा आहे हे काहीही न बिघडवता सिद्ध होते.

ब्रॉडकॉमची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. मुक्त प्रोग्रॅमरांनी चिपचे वर्तन उलगडून बी४३ हा ड्रायव्हर तयार केला, सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने काही चिपसाठी स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला, आणि याखेरीज डब्ल्यूएल नावाचा तिचा बंदिस्त ड्रायव्हरही आहे. चिपच्या आकड्यावरून यांपैकी नेमका एकच निवडावा लागतो. दोन एकदम बसवले तर जो आधी लागतो तो कार्ड अडवून ठेवतो. डब्ल्यूएलच्या पॅकेजसोबत बाकीच्यांना मज्जाव करणारी ब्लॅकलिस्ट येते ती याचसाठी.

रिअलटेकच्या कित्येक चिपचे ड्रायव्हर पूर्वी कर्नलबाहेरून आणून बसवावे लागत. २०१९ मधील ५.२ या कर्नलपासून आरटीडब्ल्यू८८ हा ड्रायव्हर आत आला आणि पुढे त्यात नव्या चिप येत गेल्या, म्हणून कर्नल नवा असेल तर बाहेरचा ड्रायव्हर बसवण्याआधी थांबून आतला आहे का ते पाहावे. बाहेरचाच घ्यावा लागला तर तो डीकेएमएस या ड्रायव्हर बांधणाऱ्या व्यवस्थेच्या मार्गाने घ्यावा, म्हणजे प्रत्येक कर्नल अपडेटनंतर तो आपोआप पुन्हा बांधला जातो. त्यासाठी त्या कर्नलची हेडर पॅकेजेस (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) बसवलेली हवीत. ‘काल चालत होते, अपडेट केल्यावर बंद पडले’ ही तक्रार आली की मी सर्वांत आधी हेच तपासतो. आणि सिक्युअर बूट (सही असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेतच नाही. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे उत्तर मिळते. ड्रायव्हर बसवताना पासवर्ड मागून पुढच्या रीबूटला जो निळा पडदा येतो, त्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. तो पडदा काय आहे ते न कळल्याने अनेक जण सरळ पुढे जातात.

ड्रायव्हर लागला आहे, फर्मवेअरही भरले आहे, तरी वायफाय बंदच, असे असेल तर ‘आरएफकिल लिस्ट’ ही कमांड द्यावी. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ला होय असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने काम होते. ‘हार्ड ब्लॉक्ड’ला होय असेल तर कमांडचा उपयोग नाही, लॅपटॉपवरचे बटण, फंक्शन की किंवा बायॉस पाहावे लागते. एका विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही होते आणि वायफाय कधी दिसे, कधी गायब होई. नीट विचारल्यावर कळले की विंडोजमधून शटडाउन करून लिनक्स सुरू केले तरच ते जाते, रीस्टार्ट केले तर जात नाही. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे शटडाउन पूर्ण होत नाही आणि कार्ड अर्धवट अवस्थेत राहते. ते एक कंट्रोल पॅनेलमधून बंद केले आणि प्रश्न मिटला. लिनक्सच्या बाजूला एक अक्षरही बदलावे लागले नाही. तक्रार घेऊन येणाऱ्याला ‘कधी होते आणि कधी होत नाही’ हे विचारणे या कामात कमांडइतकेच महत्त्वाचे आहे.

जोडले जाते पण रखडते किंवा सारखे तुटते, हा प्रकार वेगळा. ‘आयडब्ल्यू डेव्ह’पुढे इंटरफेसचे, म्हणजे लिनक्सने वायफाय कार्डाला दिलेले, नाव आणि ‘लिंक’ असे टंकले की सिग्नल डीबीएम या एककात कळतो. राउटरजवळ उणे चाळीसच्या आसपास आकडा अपेक्षित असतो आणि उणे ऐंशीला जोडणी डळमळते. राउटरच्या शेजारी बसूनही उणे ऐंशी दिसत असेल तर अँटेनाकडे बघावे. आरटीएल८७२३बीई या चिपच्या ड्रायव्हरला ‘एएनटी_एसईएल’ असा पर्याय आहे. एकच अँटेना जोडलेल्या लॅपटॉपमध्ये ड्रायव्हर रिकाम्या टोकाकडे ऐकत बसतो, तेव्हा तिथे १ किंवा २ देऊन योग्य टोक निवडता येते. सिग्नल चांगला असूनही जोडणी झोपी जात असेल तर वीजबचत संशयित धरावी. उबुंटूमध्ये नेटवर्कमॅनेजरच्या फाइलीत ‘वायफाय.पॉवरसेव्ह’ची किंमत ३ असते. ती २ केली की बचत बंद होते. बॅटरी थोडी अधिक जाते, पण व्हिडिओ कॉल मध्येच तुटत नाही.

मोबाइलला दिसणारे नेटवर्क लॅपटॉपला दिसत नाही, याची दोन साधी कारणे आहेत. एक म्हणजे राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर आहे आणि स्वस्त कार्डाला २.४ एवढेच येते. दुसरे म्हणजे देशाचा नियम. २.४ गिगाहर्ट्झमध्ये भारतात चॅनेल १ ते १३ चालतात, अमेरिकेच्या नियमांनुसार चालणारे कार्ड ११ वर थांबते. राउटर १३ वर असेल तर ते नेटवर्क त्या कार्डाच्या लेखी नाहीच. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ने चालू नियम कळतो. राउटर आपल्या ताब्यात असेल तर त्याचे चॅनेल बदलणे सर्वांत सोपे.

वरच्या थराचे काम झटपट होते. ‘आयपी ए’मध्ये पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. पत्ता आहे, ८.८.८.८ला पिंग जाते, पण संकेतस्थळाच्या नावाला जात नाही, तर डीएनएस पाहावे.

महाविद्यालयाच्या किंवा एज्युरोमच्या (शिक्षणसंस्थांच्या सामायिक नेटवर्कच्या) वायफायला मात्र वेगळे लक्ष द्यावे लागते, कारण तिथे प्रत्येकाचे वेगळे नाव आणि पासवर्ड असतात. बहुतेक ठिकाणी पीईएपी आणि आत एमएससीएचएपीव्ही२ या ओळख पटवण्याच्या पद्धती निवडायच्या असतात. सीए सर्टिफिकेट म्हणजे समोरचा सर्व्हर खरा आहे हे पडताळण्याचा दाखला. तिथला ‘सीए सर्टिफिकेट नको’ हा खुणेचा चौकोन मोहात पाडतो, पण तो निवडला की त्याच नावाचे खोटे नेटवर्क उभारणारा कोणीही तुमचा पासवर्ड काढून घेऊ शकतो. सर्टिफिकेट संस्थेकडून मागून घ्यावे. उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ ही कूटलेखनाची लायब्ररी आल्यावर जुन्या प्रमाणीकरण सर्व्हरांशी जोडणी नाकारली जाऊ लागली आणि नोंदींत ‘अनसेफ लेगसी रिनेगोशिएशन डिसेबल्ड’ असे दिसू लागले. तिथे लॅपटॉपची सुरक्षा खाली आणण्यापेक्षा ती ओळ नेटवर्क विभागाला दाखवून सर्व्हर अद्ययावत करून घेणे हिताचे आहे.

हे सगळे करूनही अडलात तर मदत मागताना कार्डाचे दोन आकडे, डिस्ट्रोची आवृत्ती, ‘यूनेम -आर’ने मिळणारी कर्नलची आवृत्ती, आरएफकिलचे उत्तर आणि कर्नलच्या नोंदींतला संबंधित भाग आहे तसा द्यावा. पुण्यातील प्लग, म्हणजे पुणे ग्नू/लिनक्स युजर्स ग्रुप, यासारख्या गटांतले जाणते लोक एवढ्या माहितीवर थेट मुद्द्यावर येतात. ‘वायफाय चालत नाही, मदत करा’ एवढ्यावर कोणाचेच काही चालत नाही. टर्मिनलचीच सवय नसेल त्यांनी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे मराठी धडे आधी पाहावेत. आणि केलेला प्रत्येक बदल, कोणती फाइल, आधी काय होते, नंतर काय केले, असा वहीत लिहून ठेवावा. मुलाखत घेताना मी उमेदवाराला अशाच एखाद्या बिघाडाचा तपास तोंडी सांगायला लावतो, आणि तेव्हा तो कोणता थर आधी तपासतो यावर माझे लक्ष असते.