आठवणींची गोधडी: कात्री लावण्याआधी

आजारपणात गेलेल्या माणसाच्या कपड्यांची गोधडी करायची असेल, तर कापण्याआधी सगळे कपडे अंथरून त्यांचे फोटो काढून ठेवा. एकदा कात्री लागली की शर्ट पुन्हा शर्ट होत नाही. निवडताना शेवटच्या काही महिन्यांतल्या कपड्यांवरच थांबू नका. आयुष्य त्याहून मोठं होतं. घरातल्या प्रत्येकाला एकेक कपडा निवडू द्या. थोडी वादावादी होईल, होऊ द्या.

कपडे आधी धुवावेच लागतात, नाहीतर पहिल्या धुण्यात गोधडी आकसते आणि गडद रंग फिक्यावर उतरतो. वास जपायचा असेल तर एक कपडा न धुता, न कापता बंद पिशवीत ठेवा.

खरी अडचण टी-शर्टची. होजिअरीचं कापड ताणलं जातं आणि चौकोन वाकडे होतात. म्हणून कापण्याआधी उलट्या बाजूने इस्त्रीने चिकटणारं पातळ अस्तर लावा. छापील चित्रावर थेट इस्त्री फिरवू नका, छपाई वितळते. १२ इंची चौकोन हवा असेल तर साडेबारा इंची कापा, म्हणजे चारही बाजूंना पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड, मिळते. असे १६ चौकोन जोडले की ४ बाय ४ फुटांची, मांडीवर घेण्याजोगी गोधडी होते. खिसे, बटणपट्ट्या उसवू नका. त्यांच्यामुळेच कपडा ओळखू येतो. विरलेलं कापड मात्र मलमलीच्या तुकड्यावर टाचून घ्या.

शिवणावर हात बसलेला नसेल तर आधी एखादा उशीचा अभ्रा शिवून पाहा, तोही दुसऱ्याच कुठल्या जुन्या कापडाचा.