कोर्सचं नाव इंग्रजीत लिहिताना

आपण मराठीत ‘संख्याशास्त्राचा कोर्स’ म्हणतो. तो ‘चा’ डोक्यात ठेवून बायोडेटात हमखास ‘कोर्स ऑफ स्टॅटिस्टिक्स’ लिहिलं जातं. इथे ‘ऑफ’ चालत नाही. मोठा विषय असेल तर ‘अ कोर्स इन स्टॅटिस्टिक्स’, एखादा नेमका मुद्दा असेल तर ‘अ कोर्स ऑन टॅक्स लॉ’. (‘कोर्स ऑफ स्टडी’ बरोबरच आहे, पण तो म्हणजे सगळा अभ्यासक्रम.)

खरी गंमत ‘द’ची. कोर्सचं अधिकृत नाव ‘इंट्रोडक्शन टू स्टॅटिस्टिक्स’ आहे असं समजा. नुसतं नाव घेतलं तर आधी काहीच नको: ‘आय टुक इंट्रोडक्शन टू स्टॅटिस्टिक्स’. पण नावामागे ‘कोर्स’ जोडलात की सहसा ‘द’ लागतो: ‘आय टुक द इंट्रोडक्शन टू स्टॅटिस्टिक्स कोर्स’. माझं मत विचाराल तर पहिली रचना सुटसुटीत.

अधिकृत नावातल्या मुख्य शब्दांची पहिली अक्षरं कॅपिटल. अवतरण चिन्हं किंवा तिरपा टाइप सहसा लागत नाही. विषयाचा नुसता उल्लेख असेल तर स्टॅटिस्टिक्सचा एस लहानच. भाषांची नावं मात्र कायम कॅपिटल.

आणि ‘आय लर्न्ट अ कोर्स’ नको. कोर्स ‘टेक’ करतात किंवा ‘डू’ करतात, ‘लर्न’ होतो तो विषय. ब्रिटनमधल्या विद्यापीठाला लिहीत असाल तर तिथे ‘कोर्स’ म्हणजे बहुधा अख्खी पदवी. एका विषयाला ‘मॉड्यूल’ म्हणा.