माइल्ड हायब्रिड हॅचबॅक: तांत्रिक तक्ता वाचण्याची आणि गाडी चालवण्याची रीत

माइल्ड हायब्रिड हॅचबॅक घेऊ पाहणाऱ्याने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी, ती म्हणजे ही गाडी पेट्रोलवरच चालते. अशा छोट्या गाड्यांत विजेची मोटर सहसा इंजिनाला पट्ट्याने जोडलेली असते. सिग्नलला बंद पडलेले इंजिन ती पुन्हा सुरू करते, वेग घेताना थोडा हातभार लावते आणि वेग कमी होताना जनित्र बनून बॅटरी भरते. एकट्या मोटरवर गाडी चार पावलेही पुढे जात नाही. हा हातभार किती आणि केव्हा मिळतो, हे तक्त्यातल्या आकड्यांवरून काढता येते, आणि ते एकदा काढले की गाडी कशी हाकावी याचे उत्तरही बरेचसे त्यातच सापडते.

उदाहरणासाठी 2024 मध्ये युरोपात आलेली सुझुकी स्विफ्ट घेऊ. तिचे तीन सिलिंडरचे इंजिन 1197 सीसीचे असून ते 5700 आरपीएमला (मिनिटाला 5700 फेऱ्यांना) सुमारे 82 पीएस (अश्वशक्तीचे माप) शक्ती आणि 4500 आरपीएमला 112 न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. मोटरची शक्ती 2.3 किलोवॅट, तिचा टॉर्क 60 न्यूटन मीटर, आणि बॅटरी 12 व्होल्ट व 10 अँपिअर तासांची, लिथियम आयनची.

मोटरचे आकडे

इथे पहिली ठेच लागते ती बेरजेत. 112 आणि 60 मिळून 172 न्यूटन मीटर होतात असे मानणारे अनेक जण भेटतात, पण हे दोन आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. मोटरचा 60 न्यूटन मीटर टॉर्क अगदी कमी फेऱ्यांना, म्हणजे थांबलेले इंजिन फिरवून सुरू करण्याच्या क्षणापुरता असतो. पुढे तिला 2.3 किलोवॅटची मर्यादा आहे. किलोवॅटला 9549 ने गुणून आरपीएमने भागले की टॉर्क मिळतो, या नेहमीच्या सूत्राने हिशेब केल्यास इंजिन 2000 आरपीएमवर असताना मोटरचा वाटा जेमतेम 11 न्यूटन मीटर येतो, आणि 4500 आरपीएमवर तो पाचच्या आत उतरतो. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर ॲक्सिलरेटरचे पेडल हलकेच दाबले तर मदत जाणवते. ओव्हरटेक करताना इंजिन ताणले की तिचा मागमूसही राहत नाही. विक्रेत्याने ‘एकत्रित टॉर्क’ असा शब्द वापरला, तर तो कोणत्या आरपीएमवरचा, एवढेच विचारावे.

बॅटरीचा हिशेबही असाच करून पाहावा. 12 व्होल्ट गुणिले 10 अँपिअर तास म्हणजे 120 वॅट तास. साधारण 1000 किलोची गाडी ताशी 50 किलोमीटर वेगाने जात असताना तिच्यात सुमारे 96 किलोज्यूल, म्हणजे 27 वॅट तास गतिज ऊर्जा असते. काहीही वाया जात नाही असे धरले तरी अशी चार-पाच थांबणी मिळून बॅटरी काठोकाठ भरेल. पण वाया खूप जाते, आणि त्याचे मुख्य कारण पुन्हा मोटरची ती मर्यादाच. आठ सेकंदांत गाडी थांबवली तर सरासरी 12 किलोवॅट दराने ऊर्जा काढून घ्यावी लागते, मोटर मात्र अडीच किलोवॅटसुद्धा घेऊ शकत नाही. बाकीची ऊर्जा ब्रेकच्या तबकड्यांत उष्णता होऊन जाते. हा अडीच किलोवॅटचा आकडा लक्षात ठेवावा, कारण चालवण्याची सगळी रीत त्यावरच उभी आहे.

व्होल्टचा आकडा याच कारणाने महत्त्वाचा ठरतो. 12 व्होल्टवर 2.3 किलोवॅट मिळवायचे तर सुमारे 190 अँपिअर प्रवाह लागतो. त्याहून मोठी मोटर बसवायची तर तारा फारच जाड कराव्या लागतील. म्हणून काही हॅचबॅक 48 व्होल्टची प्रणाली वापरतात, जिथे तेवढ्याच प्रवाहात चौपट शक्ती मिळते आणि तरीही 60 व्होल्टची सुरक्षा मर्यादा (ज्यापुढे विजेचा धक्का धोकादायक मानला जातो) ओलांडली जात नाही. अशा गाड्यांत हातभार स्पष्ट जाणवतो, मात्र वजन वाढते आणि बॅटरी डिकीच्या तळाखाली गेली असेल तर सामानाची जागा घटते. त्यामुळे त्याच गाडीच्या साध्या आणि हायब्रिड आवृत्तीचे डिकीचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत.

वजन, शक्ती आणि मायलेज

माझ्या मते छोट्या गाडीच्या तक्त्यातला सर्वांत बोलका आकडा वजनाचा असतो, आणि नेमका तोच वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतो. ही स्विफ्ट साडेनऊशे किलोच्या आसपास भरते, म्हणजे टनामागे साधारण 86 पीएस. शून्य ते 100 किलोमीटर वेगाला मॅन्युअल गाडी सुमारे साडेबारा सेकंद घेते, हे त्या प्रमाणाला साजेसेच आहे. बसणारे आणि सामान मिळून आणखी 300 किलो चढले की वजन जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते आणि टनामागची शक्ती 66 पीएसपर्यंत खाली येते. एकट्याने चालवताना चपळ वाटणारी गाडी घाटात पूर्ण भरलेली असताना खालचा गिअर का मागते, ते इथे कळते. युरोपीय कागदपत्रांत वजनात चालकाचे 75 किलो बरेचदा धरलेले असतात, तेव्हा दोन गाड्यांची तुलना करताना दोन्हीकडे मोजण्याची पद्धत एकच आहे ना, हे तपासून घ्यावे.

इंजिनाचा स्वभाव सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक (पिस्टनच्या वर-खाली चालीची लांबी) यांतून कळतो. स्विफ्टमध्ये व्यास 74 मिलिमीटर आणि स्ट्रोक 92.8 मिलिमीटर आहे, म्हणजे लांब स्ट्रोकचे इंजिन, जे मधल्या फेऱ्यांवर काटकसरीने चालावे म्हणून बांधलेले असते आणि वरच्या फेऱ्यांवर आवाज जास्त करते, त्या मानाने ओढ देत नाही. कमाल टॉर्क 4500 आरपीएमला लिहिला आहे म्हणून खाली काहीच नसेल, असा अर्थ मात्र काढू नये. तो आकडा फक्त शिखर कुठे आहे ते सांगतो, चढ किती तीव्र आहे ते सांगत नाही. ते चालवूनच कळते.

मायलेजचा आकडा वाचताना चाचणी कोणती, हे आधी पाहावे. युरोपातील डब्ल्यूएलटीपी चाचणी 30 मिनिटांची आणि सव्वातेवीस किलोमीटरची असते. तिचा सरासरी वेग ताशी साडेशेहेचाळीस किलोमीटर, कमाल वेग 131 आणि थांबून राहण्याचा वेळ फक्त तेरा टक्क्यांच्या आसपास. ज्याचा रोजचा रस्ता सिग्नल आणि कोंडीचा आहे, त्याला थांबल्यावर इंजिन बंद होण्याचा लाभ या चाचणीत दिसतो त्याहून अधिक मिळेल. ज्याचा बहुतेक प्रवास महामार्गावर एकसारख्या वेगाने होतो, त्याच्यासाठी मोटर आणि बॅटरी हे बव्हंशी ओझे आहे. त्याने हायब्रिड या शब्दासाठी वेगळे पैसे मोजण्याआधी विचार करावा. 100 किलोमीटरला लागणारे लिटर दिले असतील, तर 100 ला त्या आकड्याने भागले की लिटरमागे किलोमीटर मिळतात; 4.4 लिटर म्हणजे साधारण 22.7 किलोमीटर.

चाचणी फेरीत काय पाहावे

फेरीला जाताना इंजिन थंड असेल तर उत्तम. थंड इंजिन सुरू होताना येणारा आवाज आणि नंतर सिग्नलला ते पुन्हा सुरू होण्याचा आवाज यांत फरक असतो, कारण अनेक गाड्यांत पहिल्या वेळी नेहमीचा दात्यांचा स्टार्टर काम करतो आणि पुढच्या वेळी पट्ट्यावरची मोटर. दुसऱ्या वेळी खडखड न होता, क्लच दाबून गिअर टाकेपर्यंत इंजिन जागे झालेले असले पाहिजे. नाही झाले, तर चौकात रोज चिडचिड होईल.

तीन सिलिंडरचे इंजिन गाडी उभी असताना स्टिअरिंगवर आणि आसनाखाली हलके थरथरते. ते आपल्याला कितपत चालते हे एसी चालू ठेवून पाहावे, कारण कॉम्प्रेसरचा भार पडला की थरथर वाढते. मग तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 40 किलोमीटरवर गाडी स्थिर करावी आणि पेडल अर्धेच दाबावे. डॅशबोर्डवर ऊर्जेचा प्रवाह दाखवणारे चित्र असेल, तर बॅटरीकडून चाकांकडे जाणारा बाण उमटेल आणि काही सेकंदांत विझेल. बाण विझल्यावर ओढ कितीशी कमी होते, ते शरीराला जाणवते. त्यानंतर महामार्गावर 80 ते 100 किलोमीटर वेग चौथ्या आणि मग तिसऱ्या गिअरमध्ये घेऊन पाहावा. टर्बो नसलेल्या इंजिनाला ओव्हरटेकसाठी बहुधा तिसरा गिअरच लागतो, आणि ही सवय ज्यांना नको त्यांनी टर्बो इंजिनाची हॅचबॅक पाहिलेली बरी.

ब्रेकही तपासावेत. पेडलच्या पहिल्या हलक्या दाबात जनित्राची ओढ आणि ब्रेकची पकड यांची सांधेजोड नीट जमली आहे का, की गाडी थांबता थांबता मान पुढे जाते, ते दोन-चार वेळा सावकाश थांबून पाहिले की समजते.

रोजचे चालवणे

आता त्या अडीच किलोवॅटांकडे परत यावे. मोटर ऊर्जा हळूहळूच घेऊ शकत असल्याने तिला वेळ द्यावा लागतो. पुढे लाल दिवा दिसताच ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावा आणि गाडी गिअरमध्येच ठेवून वेग उतरू द्यावा. आठ सेकंदांऐवजी वीस सेकंद मिळाले तर जनित्राच्या हाती अडीच पट ऊर्जा लागते, शिवाय तेवढा वेळ इंजिनात पेट्रोलच जात नाही. अनेकांना लांबूनच न्यूट्रल करून गाडी सोडून देण्याची सवय असते. ती इथे दुहेरी तोट्याची आहे: मोटर इंजिनाला जोडलेली असल्यामुळे चाकांची ऊर्जा गिअर आणि क्लचमधूनच तिच्यापर्यंत पोहोचते, आणि न्यूट्रलमध्ये तो मार्ग तुटतो; वर इंजिन स्वतःच्या फेऱ्या टिकवण्यासाठी पेट्रोल पीत राहते.

वेग बराच उतरल्यावर मात्र हिशेब पालटतो. 2020 मध्ये आलेल्या फियाट 500 हायब्रिडमध्ये ताशी 30 किलोमीटरच्या खाली चालकाने न्यूट्रल केले, की इंजिन गाडी थांबण्याआधीच बंद होते. अशी सोय असलेल्या गाडीत शेवटच्या टप्प्यात न्यूट्रल करावे, त्याआधी नाही. आपल्या गाडीत इंजिन कोणत्या वेगाला बंद होते, ते पुस्तिकेत पाहून ठेवावे.

वेग घेताना पेडल हळुवार पण ठामपणे दाबावे आणि 2000 ते 2500 आरपीएमच्या दरम्यान गिअर बदलावा. मदत त्याच फेऱ्यांच्या दरम्यान मिळते. डॅशबोर्ड वरचा गिअर लवकर टाकण्याचा सल्ला देतो. सपाट रस्त्यावर तो ऐकावा, चढावर ऐकू नये, कारण 1500 आरपीएमच्या खाली इंजिन धडधडू लागते आणि पेडल दाबूनही गाडी उचलत नाही.

लांब उतारावर बॅटरीचा भरवसा धरू नये. 2.3 किलोवॅट दराने 120 वॅट तासांची रिकामी बॅटरीसुद्धा तीन-साडेतीन मिनिटांत भरते, आणि ती कधीच पूर्ण रिकामी नसते. ती भरली की जनित्राची ओढ संपते व गाडी अचानक मोकळी सुटल्यासारखी वाटते. म्हणून उतार सुरू होतानाच खालचा गिअर टाकावा.

उन्हाळ्यात इंजिन सिग्नलला बंद होतच नाही, अशी तक्रार नव्या मालकांकडून ऐकू येते. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालत असेल तर केबिन थंड होईपर्यंत इंजिन चालू राहणारच. इंजिन पुरेसे गरम झालेले नसेल किंवा बॅटरी उतरलेली असेल तरीही ते बंद होत नाही. मात्र सर्व अटी पूर्ण होऊनही आठवडेच्या आठवडे असेच चालले, तर बोनेटखालची साधी बॅटरी तपासून घ्यावी. लिथियमच्या छोट्या बॅटरीसोबत ती वेगळी असते आणि बदलताना त्याच प्रकारची, म्हणजे वारंवार बंद-चालू सोसणारी ईएफबी किंवा एजीएम जातीचीच घ्यावी. मोटरचा पट्टाही दोन्ही दिशांनी ताण सोसतो, त्यामुळे तो आणि त्याला ताणून धरणारा टेन्शनर कंपनीने सांगितलेल्या अंतराला, सांगितलेल्याच प्रतीचे बसवावेत.